दोन दात्यांची चूक

मी, शफी गुलाम मणियार, वय वर्षे ७२, पूर्वी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गिअर कटिंग खात्यात चौतीस वर्षे नोकरी, आता घरीच, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाल्यामुळे मला आता पन्नाशीत दिसत होते त्याहून स्पष्ट दिसते, आणि त्याचा उपयोग कलम पाचमध्ये येईल. हे लिहिण्यासाठी कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. तसे मुलगी सोडली तर कोणी माझ्याकडे फारसे येतही नाही.

कलम १. माझी पत्नी जुलेखा मागच्या वर्षी वारली. मागे आम्हाला दोन मुले. मुलगा अरसलान, वय ४७, राहणार नामपूर, कांद्याच्या ट्रकवर चालक. मुलगी तरन्नुम, वय ४३, राहणार इथेच, दोन गल्ल्या सोडून. मुलगी रोज येते. मुलगा ईदला येतो, दारात चपला काढताना घड्याळ बघतो, आणि शिरखुर्मा संपला की निघतो. यात त्याचा दोष धरू नये.

कलम २. इंदिरानगरचे राहते घर मी घेतले तेव्हा मागे द्राक्षाचे मळे होते आणि लोक मला वेड्यात काढत होते. घर आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे दोघा मुलांत जशी वाटली जाते तशीच वाटावी. भावाचे मन राखायला बहिणीने आपला हक्क सोडून द्यायची आपल्यात रीत पडली आहे. तरन्नुमने ती पाळू नये. तिने सही करून हिस्सा सोडलाच, तर मला ते आवडणार नाही, एवढे तिने लक्षात ठेवावे.

कलम ३. माझे खासगी हत्यार म्हणजे व्हर्निअर, दाते मोजायचे कॅलिपर, तीन कानशी आणि लाकडी खोक्यातले कटर. हे सर्व अंबडला ज्या कोणाला वापरता येईल त्याला द्यावे, शोभेसाठी कपाटात ठेवू नये. शेजारच्या लेथवर काम करणारे माझे मित्र खंडेराव यांनी १९९६ साली माझा मायक्रोमीटर एका दिवसासाठी नेला आणि हरवला असे सांगितले. तो हरवलेला नाही, त्यांच्या टीव्हीखालच्या कप्प्यात आहे, मी पाहिला आहे. त्याची मखमलीची पेटी माझ्याकडे आहे. ती पेटी खंडेरावांनाच द्यावी. त्यांच्याशी मी अकरा वर्षे बोललो नाही, ते मायक्रोमीटरमुळे नव्हे. खरे कारण पुढे येते.

कलम ४. कायद्याने मला माझ्या मर्जीने जेवढे देता येते त्यातून शिवणयंत्र आणि फ्रिज शेजारच्या कुसाबाईंना द्यावेत. जुलेखाच्या शेवटच्या आठ महिन्यांत तिची वेणी त्यांनी घातली, मला जमत नव्हती. दफनाला उशीर करू नये. नामपूरहून यायला चार तास लागतात, तेवढे मात्र थांबावे.

कलम ५. आता ट्रकबद्दल.

माझ्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात रिमोटवर चालणारा एक निळा ट्रक आहे. हातभर लांब, जपानी, सुट्या भागांतून घरी जोडायचा. १९८८ साली माझ्या मेव्हण्याने कुवेतहून आणला तो अरसलानसाठी. अरसलान तेव्हा दहा वर्षांचा होता. साध्या खेळण्यातल्या गाडीला गिअर नसतात. या ट्रकला तीन आहेत, खरेखुरे पितळी आणि पोलादी, आणि रिमोटवरची एक काडी बाजूला सरकवली की गाडी चालता चालता गिअर बदलते. ते खोके उघडल्यावर मी पोराला म्हणालो, तू फक्त स्क्रू धर, जोडतो मी. सहा रविवार मी जोडत होतो आणि तो स्क्रू धरून बसला होता.

गिअर बदलायला ट्रकच्या पोटात काडेपेटीएवढी वेगळी मोटर असते. तिच्या आसाला बारीक दाते असतात, त्यावर एक आर्म बसवायचा, आणि आर्मपासून गिअरपर्यंत तारेची दांडी जोडायची. मी गिअर हाताने दुसऱ्यात घातला, आर्म गुण्या लावून काटकोनात बसवला आणि स्क्रू आवळला. मला त्या कामाचा अभिमान वाटला होता. पुस्तिकेतली विजेची पाने मी वाचली नाहीत. आमच्या खात्यात विजेचे काम इलेक्ट्रिशियन करायचा, आम्ही विजेच्या पेटीला हात लावत नसू, आणि ती सवय मी घरी आणली होती.

सातव्या रविवारी मागच्या मोकळ्या जागेत ट्रक चालवला. आधी मी चालवला, पहिल्या गिअरवर, दुसऱ्यावर. मग गल्लीतली पोरे जमली म्हणून रिमोट अरसलानच्या हातात दिला. त्याने तिसरा टाकला. जो आवाज आला तो मला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. दाते अर्धवट भिडून एकमेकांना खात होते. पोरगा काहीतरी म्हणाला. मी ऐकले नाही. सगळ्या पोरांसमोर मी त्याच्या कानाखाली मारली आणि म्हणालो, "ज्याच्या हाताला गिअर कळत नाही, त्याने माझ्या वस्तूला शिवायचं नाही."

वस्तू त्याची होती. हे त्या गल्लीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर जुलेखा बोलली, आणि मी तिलाही गप्प केले.

तुटलेल्या गिअरच्या मापाचा नवा गिअर मी पुढच्याच आठवड्यात कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कापला. तो कागदात गुंडाळून ट्रकच्या खोक्यात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावले. पोराने माफी मागितली की बसवू, असे ठरवले होते. त्याने मागितली नाही. मला राग आला की एवढासा पोरगा आणि एवढी मगरुरी.

आमच्या कारखान्यात तेव्हा जुन्या कामगाराच्या एका मुलाला अप्रेंटिस म्हणून घेत. बापाने फक्त फॉर्मवर सही करायची. अरसलान अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याने फॉर्म स्वतः भरून, सहीच्या जागी पेन्सिलीची खूण करून माझ्या डब्याशेजारी ठेवला. तीन आठवडे तो तिथेच होता. खंडेराव मशीनवरून म्हणाले, "शफीभाई, सही कर रे. पोरगं चांगलं आहे." मी म्हणालो, माझ्या खात्यात माझे नाव खराब करणारा हात मला नको. ते म्हणाले, तुझ्यासारखा बाप असण्यापेक्षा नसलेला बरा. हे ते कारण. अकरा वर्षे मी त्यांना तोंड दाखवले नाही, आणि त्यांचे म्हणणे खरे होते.

फॉर्मची मुदत संपली त्या दिवशी अरसलान नामपूरच्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. तिकडेच चालक झाला, तिकडेच संसार केला. त्याच्या ट्रकमध्ये मी कधी बसलो नाही. त्याने दोनदा विचारले होते.

जुलेखा गेल्यावर कपाट आवरायला काढले. मनात आले की ट्रक दुरुस्त करून त्याच्या नावे लिहून ठेवावा. गिअर बसवला, तो अजून बरोबर बसला. बॅटरी जुनी गेलेली, नवी आणली. आणि या वेळी, डोळे धड असल्यामुळे आणि घरात बोलायला कोणी नसल्यामुळे, पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. एकविसाव्या पानावर चित्र आहे. आधी रिमोट चालू करा. मग ट्रक चालू करा. मोटर आपोआप मधोमध येऊन थांबेल. आर्म त्यानंतर बसवा.

मी वीज न देता बसवला होता. बटण दाबले तसा माझा काटकोनातला आर्म एका बाजूला कलला. मी मोजले. दोन दाते. त्यामुळे पहिला गिअर पूर्ण पडत होता आणि तिसरा अर्धाच. कोणाच्याही हातात रिमोट असता तरी तिसरा गिअर तुटलाच असता, माझ्या हातात तर नक्की. चौतीस वर्षे मी मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकू दिला नाही, आणि घरात दोन दाते चुकलो. मी आर्म काढला, योग्य जागी बसवला, दांडीची लांबी अर्ध्या आट्याने कमी केली. तिन्ही गिअर लोण्यासारखे पडले.

सबब, सदर निळा ट्रक, रिमोट, बॅटरी, पुस्तिका आणि तुटलेला जुना गिअर मी माझा मुलगा अरसलान यास देत आहे. सोबत हे कलम त्याने वाचावे.

कलम ६. वरील मजकूर लिहून मी वकील ज्योत्स्नाताईंकडे गेलो. त्यांनी कलम पाच दोनदा वाचले, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "चाचा, तुमच्या कायद्यात वारसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही. दुसऱ्या वारसाची संमती लागते, तीही तुम्ही गेल्यावर."

तरन्नुम सोबत होती. ती म्हणाली, मी देईन की संमती, एका खेळण्याची कसली अडचण. ज्योत्स्नाताई म्हणाल्या, त्यापेक्षा सोपे आहे. जिवंतपणी बक्षीस द्या. देतो म्हणायचे, समोरच्याने घेतले म्हणायचे, आणि वस्तू हातात द्यायची. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "स्वतः जाऊन."

मी मृत्युपत्र करायला निघालो होतो ते जावे लागू नये म्हणूनच. हे त्यांनी ओळखले असावे.

गेल्या गुरुवारी खोके मांडीवर घेऊन एसटीने नामपूरला गेलो. मार्केटच्या आवारात त्याचा ट्रक भरत होता. मला बघून तो आधी घाबरला, तरन्नुमला काही झाले काय म्हणून. मी खोके त्याच्या ट्रकच्या फळीवर ठेवले आणि पाठ केलेले सगळे विसरलो. एवढेच म्हणालो, "चूक माझी होती. आर्म दोन दाते चुकला होता."

त्याने निळा ट्रक उचलून उलटा केला. आर्मवर बोट ठेवले. आता त्याची बोली तिकडची झाली आहे. म्हणाला, "अब्बा, म्या तवाच सांगितलं होतं. दांडी एकाच अंगाला ओढून राहिली म्हनून. तुम्ही नाय ऐकलं."

त्या दिवशी गल्लीत तो जे म्हणाला ते हे होते. दहा वर्षांच्या पोराला रिमोट हातात घेताच जे कळले ते मला सदतीस वर्षांनी पुस्तिका वाचून कळले. त्याने माफी का मागितली नाही, तेही तिथे उभ्या उभ्या समजले.

मी ज्योत्स्नाताईंच्या सांगण्याप्रमाणे म्हणालो, "हे तुला दिलं. घेतलं म्हण." त्याने खोके केबिनमध्ये नेऊन आपल्या सीटमागे ठेवले, चादरीने गुंडाळले आणि मला म्हणाला, "चढा. भाडं मुंबईचंच हाय. नाशकात द्वारका चौकात सोडतो." सबब सदर ट्रक आता माझ्या मिळकतीत नाही आणि कलम पाचमधील शेवटचा परिच्छेद रद्द समजावा. बाकी मजकूर खोडू नये.

कलम ७. नामपूर ते द्वारका आम्ही फार बोललो नाही. त्याने चहा पाजला, माझ्या गोळ्यांची वेळ विचारली. देवळ्याच्या पुढच्या घाटात भरलेली जुनी गाडी चौथ्यावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर त्याने उतरवली. मी सवयीने कान लावून बसलो होतो. चढून उतरेपर्यंत एकदाही दाता वाजला नाही. असा हात आमच्या खात्यात माझ्यासह कोणाचा नव्हता.

हे मी द्वारकेला उतरताना त्याला सांगणार होतो. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले, त्याने हात केला, आणि मी सांगितले नाही. फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि कांद्याचा भाव विचारून ठेवून दिला. म्हणून मृत्युपत्राची व्यवस्थापक माझी मुलगी तरन्नुम हिला माझी सूचना अशी की, हा कागद उघडल्यावर घराचे कलम नंतर वाचावे. आधी अरसलानला समोर बसवून, गल्लीतली जुनी माणसे असतील तर त्यांनाही बोलावून, पुढील ओळ मोठ्याने वाचावी.

माझ्या मुलाच्या हाताला गिअर कळतो.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही : शफी गुलाम मणियार

साक्षीदार :
१. महेश बहिरू अहिरे, इंदिरानगर (सही)
२. सावित्रीबाई दगडू गांगुर्डे, इंदिरानगर (सही)

ठिकाण : नाशिक
दिनांक : २३ नोव्हेंबर २०२५