शिळं पाणी वहीत धरलं नाही

देवपूर, धुळे
शनिवार, २४ जानेवारी

आदरणीय कुंदाअक्काला, धाकट्या रुक्माचा मनापासून जय भीम.

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. (पाकीट आलं की आपल्याकडे आधी तेच वाटतं, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. आता चष्मा लाव आणि नीट बस.) तुझे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं लसणाचं तेल चोळतेस की नुसती बाटली बघतेस? बोदवडला थंडी किती आहे? इकडे धुळ्याला अशी पडली आहे की सकाळी खोबरेल तेलाच्या बाटलीत काडी उभी राहते. माझी तब्येत बरी आहे. छातीत धडधडतं, पण ते आजाराचं नाही, भीतीचं आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन आमच्या सपनाच्या हातून माझ्याकडे येतो, आणि ती स्पीकर लावूनच देते. सून गुणाची आहे, पण तिच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत माहेरच्या ग्रुपवर जातं. म्हणून मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. घरात सांगितलं आहे की आई औषधांची नावं उतरवते आहे.

तर भीती झाडांची आहे. आमची वृषाली कृषी कॉलेजात शेवटच्या वर्षाला, आणि तिने जूनमध्ये अंगणात चार झाडं लावली, ती तू ऑक्टोबरात आलीस तेव्हा पाहिलीस. आपल्या लहानपणी बांधावर दीपमाळ उगवायची, टोचऱ्या गोंड्यांची, तिची ही परदेशातली बहीण म्हणे. पण फूल काय सांगू! केशरी, मखमलीचं, एकाच दांड्यावर मजल्यावर मजले, जशा कोणी आगपेटीच्या काड्या गोल लावून पेटवून ठेवल्या. पहिलं फूल आलं त्या दिवशी मी झाडापुढे खुर्ची टाकून चहा प्यायले. राजदीप म्हणाला, आई, सिनेमा लागलाय का? म्हटलं, लागलाय, तुला तिकीट नाही. वृषाली सांगायची, आजी, हे झाड दरसाल पेरावं लागत नाही, बुडातून पुन्हा फुटतं, आणि पाण्यावाचून तगतं. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावाला हेच झाड पाहिजे. त्याला दोनच गोष्टी सोसत नाहीत, पायात पाणी आणि अंगाला थंडी. (माझ्यासारखंच आहे, पण मला कोण विचारतं.)

दिवाळीनंतर तिला तीन महिने दोंडाईचाकडच्या एका खेड्यात शेतकऱ्यांबरोबर राहून शिकायला जायचं होतं. जाताना तिने कॉलेजच्या प्रयोगाची शंभर पानी वही माझ्या हातात दिली. पट्टीने उभ्या रेघा मारलेल्या, वर लिहिलेलं तारीख, पाणी, फुलं. महिन्यातून एकदा एक तांब्या पाणी, जास्त नाही, आणि लिहायचं मात्र रोज. म्हणाली, पप्पा विसरतील, मम्मीला दया येईल, आजी, या घरात माझा भरवसा तुझ्या एकटीवर. अक्का, चौथीत माझी पाटी घेऊन हातात विळा दिला तेव्हापासून मला कोणी लिहायला काही दिलं नव्हतं. मी ती वही उशीखाली ठेवायला लागले. त्याच दिवसापासून भीती सुरू झाली, कारण भरवसा म्हणजे काचेची बरणी, हातात धरली की पायाखाली बघत चालावं लागतं.

मी रोज लिहिलं. पाणी नाही, फुलं नऊ. पाणी नाही, फुलं बारा. एकदा बुद्धवंदनेला दोन फुलं तोडून घेतली, तर त्या दिवशी लिहिलं, फुलं दोन कमी, वारा. एवढं एकच खोटं मी जाणूनबुजून लिहिलं, बाकीचं पुढे ऐक.

आमच्याकडे नळाचा दिवस कसा असतो तुला ठाऊकच आहे. नळ आला की आधी आठ दिवसांचं साठवलेलं शिळं पाणी ओतायचं, माठ, ड्रम, हंडे घासायचे, मग ताजं भरायचं. शिळं पाणी घरात राहिलं तर सपना मला शिळं समजेल. पण भरलेले हंडे गटारीत उपडे करायला जीव होत नाही ना? मग मी ते झाडांच्या पायाशी ओतायची. सहा बादल्या, कधी आठ. आणि वहीत लिहायची, पाणी नाही. कोर्टात उभं करून विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. पाणी देणं म्हणजे ताजं पाणी, तांब्याने, लक्ष देऊन. शिळं तर फेकायचंच असतं, ते कोण मोजतं? तू मोजलं असतंस का? खरं सांग. शेजारच्या पुष्पाबाई (भिंतीपलीकडे राहतात, बोलणं सगळं अहिराणी) त्यासुद्धा आपलं शिळं पाणी भिंतीवरून ह्याच झाडांवर ओतायच्या. त्यांना वाटायचं वृषालीने झाडांना उपाशी ठेवलं आहे.

डिसेंबरात पहिलं झाड पिवळं पडलं. मला वाटलं तहान लागली असेल. तरी मी तांब्या दिला नाही, नियम म्हणजे नियम. पण पुढच्या नळाला शिळं पाणी दोन बादल्या जास्त ओतलं, म्हटलं तेवढाच ओलावा. आठवड्याभरात ते मान टाकून पडलं. उपटलं तर मुळं हातात आली, काळी, कुजलेल्या कांद्याच्या वासाची. मग दुसरं गेलं. मग तिसरं. वहीत मी फुलांचा आकडा काही बदलला नाही, माझा हातच खाली उतरेना.

त्यात दर रविवारी वृषालीचा व्हिडिओ फोन. आजी, झाडं दाखव. अक्का, ह्या वयात मी काय काय केलं! जिवंत राहिलेलं एकच झाड मी चार बाजूंनी दाखवलं. एक दाखवायचं, मग बोट कॅमेऱ्यावर ठेवून म्हणायचं, थांब गं, रेंज गेली, आणि भिंतीच्या बाजूने जाऊन तेच दुसरं म्हणून दाखवायचं. तिसऱ्या खेपेला दम लागायचा. ती म्हणायची, आजी, सगळी एकसारखी वाढलीत. मी म्हणायची, सख्खी भावंडं आहेत. फोन ठेवला की मी ओट्यावर टेकून पदराने वारा घ्यायची, सपना विचारायची बीपीची गोळी घेतली का.

मग जानेवारीची थंडी आली. उरलेलं एक तरी वाचवायचं म्हणून मी त्याला यादवरावांचा जुना स्वेटर घातला. (ते असते तर हसले असते, ते गेल्यापासून स्वेटर पेटीतच होता.) वर माकडटोपी, गळ्याला मफलर. माझ्या खांद्याएवढं झाड, दोन्ही फांद्या बाह्यांत बसल्या. पहाट उलटून नुकतं उजाडत होतं, धुकं होतं, आणि पुष्पाबाई दात घासत भिंतीशी आल्या. पुढे जे झालं ते निम्म्या गल्लीने ऐकलं. "ओ माय वं! रुक्माबाई, बाहेर येऊ नका, तुमना आंगनमा माणूस उभा शे!" आणि त्यांनी हातातला तांब्या फेकला तो नेमका टोपीवर. टोपीतून डोकं नाही, केशरी फूल खाली पडलं, तेव्हा तर त्या मटकन बसल्याच. मला वाटतं महिन्याचा ठरलेला तांब्या सोडला तर त्या झाडाला ताजं पाणी तेवढंच मिळालं असेल. तरी थंडीने डाव साधलाच. सोळा तारखेला तेही काळं पडलं, वरपासून, उतू गेलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं. स्वेटर काढायची मला हिंमत झाली नाही. अजून घातलेलाच आहे.

वृषाली एक फेब्रुवारीला येते आहे, आणि बरोबर तिचे सर. आठ दिवस राहिले. सर चारही झाडं आणि वही बघणार. मला झोपेत वहीच्या उभ्या रेघा दिसतात, त्यांच्यामागे मी उभी आहे.

असो. सर्वांना माझा नमस्कार सांग, नातवंडांना पापे दे. गुडघ्यांना तेल लाव. उत्तर पाठवायची घाई नाही.

तुझी,
रुक्मा

ता. क. घाई आहे. तू ऑक्टोबरात आलीस तेव्हा मी तुला त्या झाडाची एक फांदी डालड्याच्या डब्यात लावून दिली होती. (वृषालीला न विचारता, हेही एक आहेच.) तू परवा फोनवर म्हणालीस की ते तुझ्या पत्र्याशेजारी मांडीएवढं होऊन फुललं आहे आणि तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. अक्का, ते झाड मला दे. शालिग्रामभाऊ बुधवारी बोदवडहून धुळ्याला येणार आहेत, त्यांच्याबरोबर गोणपाटात गुंडाळून पाठव. कोणी विचारलं तर शेवग्याचं रोप सांगायचं. एक झाड चार वेळा दाखवायची मला आता सवय आहे.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायच्या आत वृषालीचा फोन आला. मी पाठवलेले वहीच्या पानांचे फोटो तिने सरांना दाखवले. सर सगळ्या मुलांसमोर म्हणाले, ज्यांना ज्यांना वह्या दिल्या होत्या त्यांत एका आजीनेच एकही दिवस सोडला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग वृषाली म्हणाली, आजी, झाडं खरंच इतक्या कमी पाण्यावर जगली, हे आम्ही लिहिणार आहोत, दोंडाईचाकडच्या बायकाही लावतील. अक्का, मी अंगणातल्या झाडांपुरतंच घाबरत होते, आता अख्ख्या तालुक्याच्या बायका माझ्या वहीवर झाडं लावणार आणि शिळं पाणी ओतून मारणार. मी बसले आणि वहीत मागे जाऊन प्रत्येक नळाच्या दिवशी लिहिलं, शिळं पाणी सहा बादल्या, शिळं पाणी आठ बादल्या, पुष्पाबाईंकडून दोन. वारा खोडून वंदना लिहिलं. शेवटी लिहिलं, तीन झाडं कुजून मेली, एक थंडीने, लिहिणारी रुक्मा. लिहून झाल्यावर रडले आणि मग पोटभर जेवले.

म्हणून आता झाड पाठवू नकोस. (वरचं खोडत नाही, कागद फाटतो.) त्याऐवजी एका कागदावर लिहून पाठव की तू त्याला किती दिवस पाणी द्यायला विसरलीस. लाजू नकोस, खरं लिही. वहीत पाचव्या झाडाचं पान मी तुझ्या नावाने सोडलं आहे. आपल्या दोघींत शहाणी तूच निघालीस, आणि तेही काही न करता.

ता. क. तिसरं, रविवार सकाळ. आज धीर करून स्वेटर काढला. वरचं सगळं काळं, पण बुडाशी, मातीला लागून, मसुराच्या दाण्याएवढा एक हिरवा डोळा आहे. मी चारदा चष्मा पुसून पाहिला. आहे. आणि अक्का, आज नळाचा दिवस आहे. पुष्पाबाई बादली घेऊन भिंतीशी आल्या आहेत, मी झाडापुढे खुर्ची टाकून हातात काठी घेऊन बसले आहे, आणि त्यांच्यापेक्षा मला माझ्याच हाताची जास्त भीती वाटते, कारण माझ्यामागे ओट्यावर सहा हंडे शिळं पाणी भरून ठेवलेलं आहे.