मायचं गोंदण

धुळे, ता. ५ मार्च १९३९

ति. भाऊंस पुष्पाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही, वहिनी आणि चि. प्रमिला खुशाल असाल. इकडे शाळेच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, ऊन आतापासूनच भाजतं आहे. प्रमिलाचं लग्न वैशाखात ठरलं हे वाचून बरं वाटलं.

आता रागाचं लिहिते. नमस्कार आधीच करून घेतला आहे, म्हणजे मध्ये अडायला नको.

तुम्ही भडगावला मायकडे पाठवलेला मोठा, रंगवलेला फोटो मी पाहिला. मूळ फोटो माझा, तुम्ही कंटाळून मला देऊन टाकलेल्या डबा कॅमेऱ्यानं काढलेला. पौषात भरताचा बेत होता. माय परसात कपाशीच्या वाळल्या पळकाट्यांच्या जाळावर वांगी भाजत बसली होती. धुरानं डोळे चोळत होती, डोक्यावरचा पदर पार मागे गेला होता. मी कॅमेरा पोटाशी धरून उन्हाची वाट पाहत उभी. भिंतीवरून ऊन उतरलं आणि कपाळावरची चंद्रकोर, हनुवटीवरचा ठिपका, हातावरची तुळस, सगळं गोंदण हिरवंगार दिसायला लागलं.

"माय, कितली चांगली दिखस तू!" मी म्हटलं.

ती हसली. "सोनं तुम्ही काढी लेशात, हाई गोंदन कोन काढी?"

तेवढ्यात मी खटका दाबला. जन्मभर रोज पाहिलेली माय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, भाऊ. तुम्हालाही दिसावी म्हणून फोटो तुमच्याकडे पाठवला.

आणि तुम्ही काय केलंत? फोटोवाल्याकडून वांगी काढलीत, धूर काढलात, मायला खुर्चीवर बसवून अंगावर शाल घातलीत. तेही मी गिळलं असतं. पण गोंदण? वर पत्रात लिहिता, "व्याही पुण्याचे आहेत, बैठकीत गावंढळ दिसू नये म्हणून चेहरा जरा साफ करून घेतला." साफ! माय काय मळली होती?

फोटो पाहून तिनं मला विचारलं, "हाई कोन शे वं?" मी सांगितल्यावर ती कपाळावरून बोट फिरवत राहिली. मग तुमचं नाव घेऊन म्हणाली, "पंडितले लाज वाटस व्हई." मी काहीतरी थाप मारली आणि शाळा आहे म्हणून धुळ्याला परतले. भडगावलाच राहायला हवं होतं.

पुढचं तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ मायनं घातली आहे. मोडते. शेजारच्या भागाबाईचा निरोप आला तशी मी धावत भडगावला गेले. मायनं कपाळाला बिब्बा लावला होता, वरून चुना. नातीच्या मांडवात तुमच्या फोटोतल्यासारखं दिसायला हवं ना! बिब्बा उतला. डोळे सुजून बंद झाले, कपाळाची सालटी निघाली. तिला इकडे धुळ्याला घेऊन आले आहे; डॉक्टर म्हणतात, डोळे वाचतील, डाग राहील. चंद्रकोर मात्र जखमेखाली तशीच आहे. रंग कागदावर लावतात, अंगावर नाही, हे सांगून मी दमले. तरी ती विचारतेच, "फोटोवालानी काय लावं व्हई? पंडितले इचार ना."

विचारते आहे. काय लावलंत?

काल मी बाजारात गोंदणारीसमोर बसले. कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर ठिपका. आमच्या हेडबाई बघतच राहिल्या. कपाळ ठणकतं आहे, पण हे अक्षर वाकडं येतं आहे ते रागानं.

वैशाखात मायला घेऊन मी येते. मांडवात आम्ही दोघी अगदी पुढे बसू. व्याह्यांना आमची ओळख तुम्ही स्वतः करून द्यायची. तेवढं धैर्य नसेल तर तुमच्या फोटोवाल्याला बोलावून ठेवा. या वेळी दोन तोंडं पुसायची आहेत.

मायसारखीच दिसणारी,
तुमची बहीण
पुष्पा