भरला तांब्या, अर्धा तांब्या

आष्टी, फाल्गुन शुद्ध तृतीया, फसली १३५३

प्रिय साळू,

कडूबा दाजींच्या तेराव्याला मी आले नाही. तुझं कुंकू गेलं आणि लहानपणची मैत्रीण तीन कोसांवरून आली नाही, याचा तुला राग असेल. वडलांचे डोळे बिघडलेत, असा निरोप मी पाठवला होता. डोळे खरंच बिघडलेत, पण मी त्यासाठी थांबले नव्हते.

दोन वर्षं झाली, वडलांना कसोटीच्या दगडावरची रेघ दिसत नाही. घराबाहेर हे कुणाला माहीत नाही. गिऱ्हाईक आलं की वडील त्याची चांदी दगडावर घासतात, शेजारी निजामाच्या जुन्या हाली रुपयाची रेघ ओढतात आणि दगड दाराआड माझ्याकडे देतात. मी रेघा पाहते आणि दगड धुवायला पाण्याचा तांब्या बाहेर देते. चांदी चोख असेल तर भरलेला, हिणकस असेल तर अर्धा. तांब्या उचलला की वडील निकाल सांगतात. बाईमाणसाने दुकानात बसायचं नाही, म्हणून ही युक्ती. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. वडील म्हणायचे, तुझी नजर माझ्याहून कडक आहे. मला ते आवडायचं.

त्या दिवशी दाजी तुमच्या पुष्पाच्या लग्नातल्या तोड्यांसाठी चाळीस रुपये घेऊन आले. कापसाचे, जालन्याच्या बाजारात मिळालेले, नवेकोरे. ते वितळवूनच तोडे करायचे होते. दाराआडून मला दाजी ऐकू येत होते. "मामा, गावच्या जावयाचे रुपये घासून राह्यलात, थोडी तरी लाज!" पोलीस पाटील पान खात बसले होते. ते म्हणाले, "जावई हाय म्हणून तर दोनदा घासा." सगळे हसले. मीही हसले.

मग रेघ पाहिली. जुन्या रुपयाची पांढरी, या रुपयाची तांबूस. वडलांनी आणखी तीन रुपये घासले, मग दहा. सगळ्यांची रेघ एकसारखी. साळू, मला हेच झोपू देत नाही. चोरून पाडलेल्या नाण्यांचा कस कधी जुळत नाही, दर भट्टीला बदलतो. हे वडलांनीच मला शिकवलं होतं. मग ही इतकी सारखी कशी, असं मनात आलं होतं. जालन्याला विचारून घेऊ, एवढं कानात सांगता आलं असतं. पण हिणकसाला चोख म्हटलं तर, ही भीती मला सदाचीच. मी अर्धा तांब्या दिला.

दाजी म्हणाले, "मामा, दगड बिघडला तुमचा. बराबर बघा." दगड पुन्हा आत आला. मी पुन्हा अर्धाच तांब्या दिला. पाटील पान थुंकून उठले आणि दाजींना ठाण्यात घेऊन गेले. नवव्या दिवशी बैलगाडी त्यांचं प्रेत घेऊन तुझ्या दारात आली. ठाण्यात ताप आला होता म्हणे.

मागच्या आठवड्यात जालन्यातल्या मस्तगडचे बद्रीनाथ सराफ आमच्याकडे आले होते. त्यांच्या रुपयांची रेघही तशीच तांबूस. ते म्हणाले, "भुजंगशेट, तुम्हाला ठावं न्हाई? सरकारनंच रुपयातली चांदी कमी केली. आता कस हाच. जालन्यात कवाचे चालून राह्यलेत." सराफ गेल्यावर वडील मला म्हणाले, "गेलेला मानूस येत न्हाई. दुकान तेवढं जाईल. गप ऱ्हा."

चार दिवस मी गप राहिले. मग कळलं, खोटे रुपये पाडणाऱ्याची लेक नको म्हणून पुष्पाच्या सोयऱ्यांनी नारळ परत पाठवला.

तुला वाचता येत नाही. हे पत्र रामराव मास्तरांकडून वाचून घे, पण घरात नको. चावडीवर, पंच बसलेले असताना, त्या सोयऱ्यांना बोलावून. मास्तर, मोठ्याने वाचा. कडूबांचे चाळीसच्या चाळीस रुपये खरे होते. ते खोटे मी ठरवले. वडलांना दिसत नाही, पाहणारी मी होते. मी तुळजा, आष्टीच्या भुजंग सोनारांची मुलगी. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. मी दाराआड बसणार नाही.

तू मानलंस तर अजून तुझीच,
तुळजा