चुकीच्या ईस्टरचं तिकीट

यकातित ४, सोमवार

बिस्रात गाढव आहे! गाढव, गाढव, गाढव!

आज शिवणाच्या दुकानात एका पोशाखाला टिबेबची रंगीत किनार लावत होते, तेवढ्यात त्याचा मेसेज. "तिकीट काढलं! मगाबित अठराला पोचतो, मियाझ्या सहाला परत. तयारीला लाग!" मी आनंदाने उडी मारली, सुई बोटात गेली, आणि मग हिशोब केला. मगाबित अठरा? अरे, तेव्हा तर ईस्टरआधीचा मोठा उपवास अर्ध्यात असेल! आपला फासिका, म्हणजे आपलं ईस्टर, मियाझ्या सत्तावीसला. आमचं लग्न त्याच्या पुढच्या रविवारी. हे आमच्या गोंडरमधल्या शेळ्यांनाही माहीत आहे.

फ्रँकफर्टला बस चालवणाऱ्या या माणसाने तिकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि तिकडच्या ईस्टरची रजा घेतली. लांब रजा वर्षातून एकदाच मिळते. फोन केला. म्हणाला, "अगं महलेत, चुकलंच माझं." बस्स, एवढंच! उपवासात कोण लग्न लावणार? कुठला पुरोहित उभा राहणार? वऱ्हाडाला काय, डाळ वाढायची?

यकातित ५

बाबांना सांगितलं. घाबरत घाबरत.

हे तेच बाबा, जे पाठशाळेत एखाद्या पोराचा एक सूर चुकला तर काठी आपटून सगळी ओळ पुन्हा म्हणायला लावतात. मेरिगेता, चर्चच्या गायनाचे गुरू, म्हणून उगाच का लोक वाकतात त्यांच्यापुढे! दर नव्या वर्षाच्या दिवशी चर्चच्या अंगणात उभं राहून ते त्या वर्षाचे सगळे सण जाहीर करतात – निनवेचा उपवास कधी, मोठा उपवास कधी, फासिका कधी. आणि त्यांच्याच होणाऱ्या जावयाने फासिका चुकवला!

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ते म्हणाले, "होतं असं. परदेशात राहतो पोरगा." आणि कॉफी मागितली.

आत्या मात्र तयारच होती. येशिमेबेत आत्या म्हणजे बाबांची बहीण, राहते शेजारी, जेवते आमच्याकडे. "ज्याला आपला फासिका कधी ते कळत नाही, त्याला बायको कुठल्या घरात आहे ते तरी कळेल का?" असं म्हणून वर स्वतःच हसली.

यकातित ११

बाबांनी मला हिशोब शिकवायला घेतलाय. इतकी वर्षं कधी नाही, आणि आता! म्हणतात, "तुझ्या घरात तरी हे चुकायला नको."

जगाच्या आरंभापासूनचं वर्ष घ्यायचं. एकोणिसाने भागायचं. उरेल त्यातून एक काढायचा, बाकीला अकराने गुणायचं, तीस तीस काढून टाकायचे. त्यावरून चंद्र सापडतो, चंद्रावरून निनवे, निनवेवरून फासिका. मोठा भागाकार बाबा तोंडी करतात, शेवटचे आकडे ताटलीत कोलोचे, म्हणजे भाजलेल्या जवाचे, दाणे मांडून. "वसंतातली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार," बाबा म्हणाले. "त्यांचंही तेच, आपलंही तेच. चंद्र एकच, हिशोब दोन." मी विचारलं, मग बरोबर कोणाचा? "ज्याचा उपवास चालू आहे त्याचा."

मी गुणाकार करत होते आणि दाणे कमीच भरत होते. पुन्हा मांडले, आणखी कमी! वर बघते तर आत्या चावतेय.

"आत्या! तू बाकी खाल्लीस!"

"मला काय माहीत ती बाकी आहे? मला वाटलं फुटाणे आहेत."

बाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यापासून असे हसले नव्हते. म्हणाले, तुझ्या आत्याच्या हाती असतं तर फासिका दर आठवड्याला आला असता.

यकातित १८

निनवे. दिवसभर पोटात काही नाही. बिस्रातशी बोलले नाही. ते उपवासामुळे नव्हे.

मगाबित १, रविवार

उद्यापासून मोठा उपवास. आज गावभर कसायांच्या दुकानांसमोर रांगा. आत्या कच्चं मांस मितमिताचं तिखट लावून खात होती आणि मधेच म्हणाली, "बहिर दार शहरात एक अकाउंटंट आहे."

मी म्हटलं, बरं मग?

"मग काही नाही. तारखा पाठ असतात त्याला."

हा अकाउंटंट तिने कधीपासून राखून ठेवलाय कोण जाणे. उंच आहे म्हणे. बाबा जेवत राहिले. एरवी अशा बोलण्यावर ते आत्याला झापतात.

मगाबित १८

आला.

विमानतळावर चिडूनच उभं राहायचं ठरवलं होतं. पण दोन वर्षांनी दिसला, बारीक झालाय, आणि तसाच कान खाजवत हसला. माझा राग सामान घ्यायच्या पट्ट्यावर गोल गोल फिरत राहिला, हातात काही येईना. घरी आल्यावर मात्र परत सापडला.

बॅगेतून काय काढलं? चॉकलेटचा ससा! सोनेरी कागदातला, गळ्यात घंटा. तिकडे ईस्टरला देतात म्हणे. त्यात दूध. म्हणजे फासिकापर्यंत कोणी हात लावायचा नाही. आईच्या फोटोशेजारी फळीवर बसवलाय. आत्या येता-जाता त्याच्याकडे बघते. मी तिला सांगून ठेवलंय, ही बाकी नाही.

मगाबित २२, रविवार

आज त्यांचं ईस्टर. आमच्याकडे शिरो, डाळीच्या पिठाचं कालवण, आणि मसूर.

आत्याने त्याला वाढताना मोठ्याने विचारलं, "कोंबडी देऊ का रे? तुझा सण ना आज?" शेजारची माणसं बसली होती, सगळी हसली. पलीकडचा म्हातारा म्हणाला, मुलाला आता बसचा नंबर तरी वाचता येतो ना? बिस्रात हसला, मान खाली घालून जेवला. मला इतकी लाज वाटली. अरे, काही तरी बोल! भांड, कारण दे, साहेबावर ढकल! माणूस नुसता चिखलासारखा मऊ.

बाबांनी तेवढं केलं – पहिला घास बनवून स्वतःच्या हाताने त्याला भरवला. सगळ्यांसमोर. आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

मगाबित २८

बिस्रात रोज दुपारी तीन वाजेपर्यंत न खाता बाबांबरोबर चर्चमध्ये बसतो. संध्याकाळी दोघं अंगणात कोलोचे दाणे मांडतात. मी जवळ गेले की बोलणं थांबतं. मी म्हटलं, आता कशाला शिकतोस? विमान सुटल्यावर तिकीट काढण्यातला प्रकार!

"पुढच्या वर्षासाठी," तो म्हणाला.

पुढचं वर्ष! मी माझा लग्नाचा पांढरा पोशाख पेटीत घातला, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि एकटीच रडले. किनार चार महिने भरली होती मी. एवढं एक काम त्याच्याकडे होतं – तारीख. फक्त तारीख! एवढं ज्याला जमत नाही, त्याच्या भरवशावर मी बाबांना एकटं सोडून परक्या देशात जायचं?

मियाझ्या ६, रविवार

गेला. निघताना मी त्याने दिलेली गळ्यातली क्रुसाची साखळी काढून त्याच्या हातात द्यायला गेले. त्याने घेतली नाही. म्हणाला, "फासिकापर्यंत राहू दे. मग सांग काय ते."

म्हटलं, कुठला फासिका?

तो हसला. मी नाही.

मियाझ्या २०

होसान्ना, फासिकाच्या आधीचा रविवार. सगळ्यांच्या बोटांत ताडाच्या पानाच्या अंगठ्या. माझ्याही. सध्या तेवढीच.

मियाझ्या २७, फासिका!

ख्रिस्तोस तेन्सआ, ख्रिस्त उठला! पहाटे चर्चहून आलो तर पाय भरून आलेले, तरी आत्या स्वयंपाकघरात ढोलाशिवाय नाचत होती. दोरो वत, कोंबडीचा रस्सा, असा झालाय की काल मरता मरता वाचलेल्या कोंबडीलाही अभिमान वाटावा. अंडं बाबांना, मांडी आत्याला, बाकी सगळं मला. किती दिवसांनी लोणी! बोटं चाटून चाटून पांढरी झाली.

ससा फोडला. कान आत्याने घेतले. चव बरी आहे, पण एवढे दिवस वाट बघण्यासारखी नाही. ते मी मोठ्याने म्हणाले आणि मग त्याच दमात सांगून टाकलं. बाबा, मी उद्या बिस्रातला फोन करून नाही म्हणणार आहे. निष्काळजी माणसाबरोबर संसार नको. आणि तुम्हाला सोडून तर नकोच.

"आहे शहाणी!" आत्या म्हणाली. "अकाउंटंटला कळवते."

बाबांच्या हातातला घास तसाच राहिला. मग ते उठून अंगणात गेले. मला वाटलं सुटल्यासारखं वाटेल. नाही वाटलं. साखळी अजून गळ्यातच आहे, उद्या काढेन.

मियाझ्या २८

सकाळी बाबांनी कोलोची ताटली घेऊन मला समोर बसवलं. पुढच्या वर्षाचा भागाकार करायला लावला. बारा दाणे उरले. "आता एक काढ," म्हणाले. काढला. अकरा राहिले. मग पुढचा सगळा हिशोब मी एकटीने केला – मियाझ्या बारा. "पुढच्या वर्षी त्यांचं ईस्टरही त्याच दिवशी," बाबा म्हणाले. "मला हे गेल्या वर्षीच माहीत होतं."

आणि मग माझ्याकडे न बघता बोलले. "त्याने चूक केली नाही, पोरी. त्याने मस्करममध्ये, वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, फोन केला होता, फासिकाची बरोबर तारीख विचारायला. मी सांगितली. आणि म्हटलं, मला अजून एक वर्ष दे रे. तिची आई गेली त्याला दोन वर्षंही झाली नाहीत. पण तिला सांगू नकोस, कळलं तर ती लग्नच मोडेल आणि माझ्याजवळ बसून राहील. तू तिकडच्या ईस्टरची रजा घे. लोक हसतील. तो म्हणाला, हसू देत."

मी फोन लावला. तो बस डेपोत होता, मागे गाड्यांचा आवाज.

"अजून किती दिवस हे ऐकून घेणार होतास?"

त्याने बसचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मेरिगेतांनी सांगितलं तर?"

"सांगितलं."

गाढव आहे. लग्न याच्याशीच करणार.