झेंडा असलेलं लायसन्स

मंगळवार, ३ फेब्रुवारी

— आणि मी हात पुसून चष्मा लावेपर्यंत मधूनं फोटो पुढं पाठवूनही दिला! निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर. एकशे बारा माणसं. खाली लिहिलं : चि. अभिराम यास अमेरिकेत नवे लायसन्स. आशीर्वाद असावेत.

फोटो सुनेनं, मैत्रेयीनं, फक्त आम्हा दोघांना पाठवला होता. सोबत चार ओळी. हे साधं लायसन्स नाही. हे दाखवलं की बफेलोहून पूल ओलांडून गाडीनं कॅनडात जाता येतं. पासपोर्ट लागत नाही. पलीकडे मराठी मंडळ आहे, तिथं दोघांची नाटकाची तालीम असते. 'आता दर शनिवारी, आई!' विमानाला मात्र चालत नाही. म्हणजे इकडे यायच्या कामाचं नाही.

मधूनं पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. दुपारी भिंग घेऊन तो पूल नकाशात शोधत बसला. सापडला. खूश.

भरीत छान जमलं. काटेरी वांगी, भाजीवाल्या कुंताबाईंची.

बुधवार, ४ फेब्रुवारी

सकाळी सातला अभिरामचा फोन. तिकडं कालची रात्र. कुणीतरी 'अभिनंदन' कळवलं असावं.

'बाबा, ते आधी काढा! आत्ताच्या आत्ता!'

'अरे, आपलीच माणसं आहेत.'

'त्यावर माझा पत्ता आहे, जन्मतारीख आहे, नंबर आहे!'

मग बराच वेळ कार्डाविषयी बोलला. आत चिप आहे. गाडी नाक्यावर पोचायच्या आत, काही फुटांवरून, यंत्र तिचा नंबर वाचतं. त्या नंबरावरून सरकारच्या संगणकात सगळा माणूस उघडतो. पण ते यंत्र दुसरं कुणीही आणू शकतो. बाजारात, रस्त्यात. आपल्याला कळतही नाही. म्हणून सोबत एक पाकीट देतात, त्यात ठेवलं की वाचता येत नाही. तो कार्ड पाकिटाबाहेर काढतच नाही. मैत्रेयीनं फोटोसाठी काढलं.

मधूनं ग्रुपवरून फोटो काढून टाकला. तोवर चव्वेचाळीस आशीर्वाद येऊन गेले होते.

मी भाजी घ्यायला बाहेर आले. कुंताबाई हिंगणीहून सकाळच्या गाडीनं सेलूत येतात, आमच्या गल्लीत आठपर्यंत. मी सांबाराच्या दोन जुड्या उचलल्या. (मैत्रेयी पुण्याची, ती कोथिंबीर म्हणते.)

'दोन काऊन? पाहुणे येऊन राह्यले का मॅडम? रूपरावच येत असतीन. त्याईले वड्या आवडते.'

इथं चिप लागत नाही!

रूपराव आलेच संध्याकाळी. आरटीओत बाबू होते, मधूचे फिरायचे सोबती. लायसन्सचा फोटो मधूनं काल फिरताना त्यांना मोबाइलवर दाखवला होता, तो त्यांनी नीट बघून घेतला होता. तीन वड्या खाल्ल्या, मग म्हणाले, 'सर, एक सांगा. त्या लायसनवर झेंडा काऊन हाय? म्या तीस वर्षं लायसनं पाह्यली. गाडी चालवाले झेंडा काह्यले लागते?'

मधू म्हणाला, तिकडची पद्धत असेल.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

झेंडा डोक्यातून जाईना. मधू बँकेत गेला तेव्हा त्या राज्याच्या परिवहन खात्याचं पान उघडून वाचलं. इंग्रजी सोपं आहे. कविता शिकवताना जशी एकेक ओळ घ्यायची तसं वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात आहे. हे झेंड्याचं लायसन्स फक्त अमेरिकेच्या नागरिकाला मिळतं.

फक्त नागरिकाला.

पुन्हा वाचलं. मग दूध तापवलं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काल पुढं लिहिता आलं नाही. आज लिहिते.

मला वाईट वाटायला हवं होतं. तशी तयारी करून पलंगावर बसलेही. वाटलं नाही. मुलगा सदतीस वर्षांचा आहे. जिथं राहतो तिथला झाला. त्याला आता कुणी जा म्हणणार नाही. हे बरंच आहे की.

फक्त सांगितलं नाही, एवढंच. ते मात्र लागलं.

आणि मधू. 'चाळिशीला परत येतो,' असं अभिराम जाताना म्हणाला होता. मधू ते धरून आहे. दर निवडणुकीला आमच्या दोघांच्या मतदार चिठ्ठ्यांबरोबर अभिरामचीही मागून घेतो. तीन चिठ्ठ्या टेबलावर एकाखाली एक लावतो. आम्ही दोघं मत देऊन येतो. 'एकदा नाव गेलं की पुन्हा घालताना किती हेलपाटे!' असं वर म्हणतो.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आजच यायचं होतं हे!

मागच्या गल्लीतली रोशनी आली. अंगणवाडीत असते, मतदारयादीची तपासणी तिच्याकडे आहे. दारातच बसली, चपला काढायचाही कंटाळा. घरातल्या तीन नावांचे तीन छापील कागद.

'अभिरामदादा इथं नसते, मले माहीत हाय. पण घरातल्या कोणीबी सही केली तं चालते. तुम्ही करता का सर करतीन?'

कागद वाचला. खाली बारीक अक्षरात : वरील व्यक्ती भारताची नागरिक आहे. खोटी माहिती दिल्यास शिक्षा.

'सर बाहेर गेलेत.'

'मंग मंगळवारी येतो सकाळी. तो शेवटचा दिवस हाय, काकू. तुमच्या घरासाठी माही गल्ली नका अडकवून ठेवजो!'

'चहा?'

'नको. सकाळपासून अकरा झाले. पोटात नुसता चहा हलून राह्यला.'

मधू आला. कागद पाहिले. 'अभिरामच्या कागदावर मी सही करतो,' म्हणाला. नेहमीसारखं. कागद टेबलावर, पेपरवेटखाली.

आता असं आहे : मी गप्प बसले तर मधू मंगळवारी खोट्यावर सही करणार. आयुष्यात कुणा पोराला एक मार्क फुकट न दिलेला माणूस. सांगितलं तर त्याची चाळिशी जाणार. अभिरामची नव्हे, मधूची.

रविवार, ८ फेब्रुवारी

पहाटे गच्चीवरून फोन केला. विचारलं नाही, सांगितलं. 'अभिराम, लायसन्सवरचा झेंडा मला कळला.'

तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग — 'मागच्या मार्चमध्ये शपथ घेतली, आई.'

'बरं केलंस.'

'रागावली नाहीस?'

'नाही. पण वर्ष होत आलं. दर रविवारी बोलतोस. भाजी काय केली हे विचारतोस.'

'बाबांमुळे. मी दरवेळी ठरवून फोन करायचो. बाबा सुरू व्हायचे, वरच्या खोलीला खिडकी मोठी करू, तुझं टेबल तिथं बसेल... मग मी हवामान विचारायचो.'

त्याच्या आवाजात लहानपणचं काहीतरी होतं. मुळात चिपची भीती एवढी नव्हतीच. त्या फोटोतून बाबा वाचतील याची होती.

'बाबांना तू सांगू नकोस. मे महिन्यात येतो. समोर बसून सांगतो.'

मी मतदारयादीचं सांगितलं. मंगळवार सांगितला.

'मग तूच ठरव,' म्हणाला. सोयीचं आहे!

दुपारी मधूबरोबर केळझरला गेले. बसमध्ये सांगणार होते. बसमध्ये गर्दी. टेकडीवर सांगणार होते. गणपतीपुढं मधू नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. पायऱ्या उतरताना माझा हात धरला. गुडघ्यासाठी, त्याच्या का माझ्या कळलं नाही. खाली उसाचा रस प्यायलो, आलं जास्त होतं. ऊन कोवळं. इतकी बरी दुपार होती की मोडवेना.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सांगितलं नाही. तीनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा वेळ विचारली, एकदा खोकले.

उद्या रोशनी यायच्या आत. चहा घेतानाच. ठरलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मी उठले तर मधू अंघोळ करून टेबलाशी. आठच्या आत रोशनी आली. मी 'मधू, एक मिनिट' म्हणाले, तेवढ्यात त्यानं तिला विचारलं, 'नाव वगळायचा अर्ज आहे ना तुझ्याकडे?' तिनं पिशवीतून काढून दिला. मधूनं अभिरामचं पूर्ण नाव लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, भारतीय नागरिक नाही. सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'रूपरावनं झेंडा विचारला त्याच रात्री शोधून वाचलं, तेव्हाच कळलं. तुला कसं सांगावं, ते सुचत नव्हतं.' रोशनी आज चहा घेते म्हणाली. तिघांचा टाकला.