सहा जणांचं टेबल

फिंतास, कुवैत
शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९८५

ती. आई,
सा. न. वि. वि.

'गं. भा.' लिहायचं नाही असं तुम्ही मागच्या पत्रात दटावलंत, म्हणून या वेळी नुसतंच 'ती.' आहे. ती जागा मोकळी मोकळी वाटते, तिथे काय लिहू ते कळवा.

फेब्रुवारीत वीणाच्या शाळेला सुट्टी असते, तेव्हा आम्ही ऑस्ट्रियाला जायचं म्हणतोय. बर्फावरून घसरायला. हसू नका. आमच्या हॉस्पिटलातले डॉ. मुस्तफा लेबनॉनचे. बैरुतच्या वरच्या डोंगरांत ते लहानपणापासून स्कीइंग करत आलेत. त्यांची बायको असमा, तिलाही बऱ्यापैकी जमतं. सिस्टर रहिमा केरळची, तिने बर्फ फक्त फ्रीजमध्ये आणि पेशंटच्या सुजेवर पाहिलाय. मी रहिमाच्याच वर्गात. तुमची नात दहाव्या वर्षीच तज्ज्ञ आहे, कारण तिच्या वर्गातल्या इंग्रज मुली दर वर्षी जातात. मी मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत मला समजावते.

आणि सहावा उदय.

परांचीवरून पडल्याला सव्वा वर्ष झालं. गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही, हे आता त्यालाही माहीत आहे नि मलाही. पण काठी घेऊन तो चालू शकतो. चालत नाही, एवढंच. रिफायनरीत वर चढायचं काम गेलं, तरी कंपनी त्याला ड्रॉइंग ऑफिसात खुर्ची द्यायला तयार आहे. फेब्रुवारीअखेर हो की नाही ते सांगायचंय. तो म्हणतो, 'नाही'च कळवणार, राजीनामा देणार, वेंगुर्ल्याला येऊन पडवीत बसणार. मी दिवसभर फिजिओथेरपीत लोकांचे गुडघे वाकवते आणि घरी येते तर नवऱ्याचा गुडघा टीव्हीसमोर स्टुलावर. व्यायामाचं नाव काढलं की म्हणतो, तुझी ड्यूटी संपली ना.

म्हणून मी ठरवलंय. जायचं ते सहाही जणांनी, आणि त्याला हॉटेलच्या खिडकीशी बसवून ठेवायला नाही. पण गाव कुठलं? मुस्तफांना उंच, उभ्या उतारांचं हवंय. रहिमाला सपाट असेल तर बरं. एजंटने पुस्तिकांचा गठ्ठा दिलाय, त्यातली नावं तोंडात मावत नाहीत, म्हणून घरात आम्ही एकाला 'मुस्तफाचं गाव' म्हणतो नि दुसऱ्याला 'रहिमाचं गाव'. उदयचं गाव अजून सापडलेलं नाही. त्याने पुस्तिका हातात धरलेली नाही.

तुमचा लोभ आहेच. तो आमच्यावर जरा जोरातच असू द्या, गरज आहे.

तुमची,
विजया

ता. क. उदयचा शि. सा. न.


वेंगुर्ले
२१ ऑक्टोबर १९८५

चि. सौ. विजयास,
अनेक आशीर्वाद.

मोकळ्या जागेत 'निवृत्त मुख्याध्यापिका' लिही. ते मी स्वतः कमावलंय.

उदयचा नमस्कार पोचला. तो तुझ्या अक्षरात होता. अगो, जन्मभर मी पोरांच्या वह्या तपासल्या. गृहपाठात आईचं अक्षर कधी येतं ते मला पान उलटायच्या आधी कळतं.

तुमच्या घसरगुंडीतलं मला काही समजत नाही. मुस्तफाला काय हवं नि रहिमाला काय हवं, तेही मला सांगू नकोस. मला एकच सांग. तुम्ही सगळे डोंगरावर आपापल्या वाटेने जाणार, मग दुपारी जेवणार कुठे? आपल्या घरात सगळे पाटावर आल्याशिवाय कोणी भाताला हात लावत नाही. पानं वाढली की उदय हाका मारत सुटायचा. आधी माडीवर, मग विहिरीवर, मग शेजारच्या ओट्यावर. हे त्याचं काम होतं, आणि ते त्याला कोणी दिलं नव्हतं, त्याने घेतलं होतं. त्याच्या बाबांना उशीर झाला तर हा उपाशीपोटी फाटकावर उभा.

तर त्याला सांग, आईने विचारलंय की सहा जण रोज दुपारी एका पंगतीला कुठे बसतील. ज्या गावात ते जमेल ते गाव घ्या. आणि हे तू शोधायचं नाहीस. तुला सगळं स्वतः करायची खोड आहे, ती महिनाभर आवर.

पडवीचं म्हणशील तर तिथे मी नारळ रचून ठेवलेत. बसायला जागा नाही.

दिवाळीचा फराळ आणि थालीपिठाची भाजणी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. आशीर्वाद होते तेवढे सगळे वर लिहून झाले, आणखी लागले तर कळव.

आई


फिंतास
शुक्रवार, २९ नोव्हेंबर १९८५

ती. निवृत्त मुख्याध्यापिका आई,
सा. न. वि. वि.

फराळ पोचला. चकल्यांचा चुरा झाला, तो वीणाने कॉर्नफ्लेक्ससारखा दुधात घालून खाल्ला. मी बघितलं नाही असं समजते.

तुमचा प्रश्न मी जेवताना मोठ्याने वाचला. उदय म्हणाला, आईला काय कळतंय, तिकडे डोंगरावर पावलोपावली हॉटेलं असतात. मी काही बोलले नाही. बघा, खोड आवरली. थोड्या वेळाने त्याने पुस्तिका मागितली, आणि नकाशा बघून जो भडकला तो अजून भडकलेलाच आहे. म्हणे याला प्रमाण नाही, उंची नाही, कोणीतरी हौसेने डोंगर रंगवलाय, हा नकाशा नव्हे, जाहिरात आहे. मग त्याने स्वतः टाइप करून तिकडच्या गावांना पत्रं टाकली, की तुमचे खरे नकाशे पाठवा. उत्तरं मीना अब्दुल्लाला, म्हणजे रिफायनरी आहे त्या गावी, कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येतात. तिथे टपाल लावणारा तुकाराम तुमच्याच बाजूचा, परुळ्याचा. तो दर गुरुवारी नकाशे घरी आणून देतो आणि मला विचारतो, की साहेबांनी दुसरी सासुरवाडी शोधली काय.

आमच्या जेवणाच्या टेबलावर आता नकाशे आहेत. आम्ही खाली सतरंजीवर ओळीने बसून जेवतो, उदय पाय लांब करून.

त्याने मला जे समजावलं ते असं. मुस्तफाच्या गावात उतार तीन वेगळ्या खोऱ्यांत उतरतात, सकाळी गेलेला माणूस दुपारी भेटणार नाही. रहिमाच्या गावात नवशिक्यांची जागा पार खाली, रस्त्याकडेला. चांगलं येणारा कोणीही दुपारी तिथवर उतरणार नाही. आणि दोन्हीकडे वर जायला तारेवर लटकणारी उघडी खुर्ची नाहीतर ओढत नेणारी दोरी. पायात स्की नसलेल्या माणसाने, हातात काठी असलेल्याने, काय करायचं?

तिसरं गाव त्याने शोधलं. तिथे नवशिक्यांची जागा डोंगराच्या मध्यावर आहे. बंद पाळणा तिथवर जातो, साध्या बुटांत कोणीही बसावं. मुस्तफांचे काळे, म्हणजे सगळ्यात अवघड उतार नि असमाचे लाल, म्हणजे मधले उतार, दोन्ही तिथेच येऊन संपतात. आणि तिथून खाली गावापर्यंत एक चालायचा रस्ता, ज्याच्यावरचा बर्फ रोज काढतात. त्याचा चढ त्याने पट्टी लावून मोजला. म्हणाला, मालाची हातगाडी जाईल. मुस्तफांनी फोनवर कुरकुर केली की तिथले काळे उतार आखूड आहेत. उदयने त्यांना सांगितलं, की मग दोनदा घसरा. आणि हसला. आई, तो फोनवर हसला.

आता पुढचं. काल एजंटचा कागद त्याने स्वतः भरला. मी सही करायला घेतला तर त्यावर पाच नावं. विचारलं, तर म्हणाला, की तुम्हाला गाव हवं होतं ना, दिलं शोधून. मी तिथे जाऊन काय करू.

मी भांडले, मग रडले, मग परत भांडले. आता पुढचं तुम्ही बघा. पण कागदावर मी सही केलेली नाही, आणि करणारही नाही. एजंटचे फोन येतात, मी घरात नसते.

लोभ पाठवा. भाजणीसारखा बांधून पाठवलात तरी चालेल.

तुमची,
विजया

ता. क. आईस सा. न. उदय


वेंगुर्ले
१४ डिसेंबर १९८५

चि. उदयास,

आशीर्वाद मागाहून, आधी हे वाच. मुद्दाम उघड्या कार्डावर लिहिते आहे. इथला पोस्टमन वाचील, तुझ्या हापिसातला तुकाराम वाचील. वाचू दे.

तू सहा जणांच्या जेवणाची जागा शोधलीस आणि नावं पाच लिहिलीस. माझ्या शाळेत तुझं गणित एवढं कच्चं नव्हतं.

घसरणारे घसरतील. त्या गर्दीत टेबल धरून कोण बसणार? हाक कोण मारणार? तू घरी बसलास तर बाकीच्या पाच जणांनी आठवडाभर उपाशी राहायचं का, ते मुस्तफाला विचारून कळव. घरचा नियम मी तुझ्या गुडघ्यासाठी मोडणार नाही. पाटावर बसता येत नसेल तर खुर्चीवर बस. पण पंगतीत बस.

नमस्कार या वेळी तुझ्या अक्षरात होता. 'आ' अजून तसाच वाकडा काढतोस. बरं वाटलं.

आई


फिंतास
शुक्रवार, १० जानेवारी १९८६

ती. निवृत्त (असं आता कोण म्हणेल) मुख्याध्यापिका आई,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड तुकारामने गुरुवारची वाट न बघता संध्याकाळीच आणून दिलं. दारातच उभा राहिला, चहा नको म्हणाला, आणि उदयला मालवणीत सांगून गेला, की साहेबानू, म्हातारी बरोबर बोलता. उदयचे कान लाल. म्हणजे वेंगुर्ले ते मीना अब्दुल्ला, सगळ्यांनी वाचलं.

पण तुम्ही लिहिलं होतंत मुस्तफाला विचार, आणि उदय तुमचं ऐकतो तेव्हा शब्द न् शब्द ऐकतो. त्याने खरंच फोन करून विचारलं. तासाभरात मुस्तफा आणि असमा घरी हजर. मुस्तफांनी कार्ड हातात घेतलं, एक अक्षर वाचता येत नव्हतं तरी उलटसुलट करून पाहिलं, नि म्हणाले की त्यांच्या आईच्या घरीही वडील आल्याशिवाय रोटी मोडत नसत. मग कामाचं बोलले. दुपारी डोंगरावरच्या त्या हॉटेलांत मुंगी शिरायला जागा नसते, टेबल आधीपासून धरून बसायला स्की न करणारा माणूस लागतोच. उदय येणार नसेल तर ते येत नाहीत. असमा म्हणाली की मग तीही नाही. रहिमाला फोन लावला, तर ती पहिल्यापासून नाहीच म्हणत होती, तिला मनापासून आनंद झाला.

उदयने नकाशाची घडी घातली. मग म्हणाला, टेबल धरायला येईन, आणखी काही करणार नाही. मी म्हटलं, आणखी कोणी काही मागितलंय का.

सहावं नाव त्याने घातलं, आणि घालता घालता माझी चूक पकडली. मी आपली रजा शुक्रवार ते शुक्रवार टाकली होती, इथे सुट्टी शुक्रवारची असते त्या सवयीने. तिकडची हॉटेलं शनिवार ते शनिवार. एक रात्र आम्ही बर्फात उभे राहिलो असतो. हे तो आता रोज एकदा सांगतो. सांगू दे.

व्यायाम सुरू झालाय. तुमच्या भाजणीची पिशवी घोट्याला बांधून पाय उचलतो. थालीपिठं लावली की वजन कमी होतं, म्हणून थालीपिठं बंद. वीणा तक्रार लिहिणार होती, इंग्रजीत.

कंपनीचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही. मी विचारत नाही. लोभ मागायचा राहिला असं वाटू देऊ नका, तो गृहीत धरलाय.

तुमची,
विजया

ता. क. आई, पाकिटं वेंगुर्ल्यातही मिळतात. आणि माझा 'आ' वाकडा नाही. शि. सा. न. उदय


उदयचं गाव, ऑस्ट्रिया
गुरुवार, १३ फेब्रुवारी १९८६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सबंध पत्र माझ्या अक्षरात बघून घाबरू नकोस. कारण शेवटी सांगतो.

मी रोज अकराला पाळण्यातून वर जातो. कोपऱ्यातलं, खिडकीचं टेबल धरतो. पहिल्या दिवशी वाढणारी बाई मला एकट्याला बघून दोघांच्या टेबलाकडे नेत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने विचारायच्या आधीच सहा चमचे ठेवले. मुस्तफा वरून दगडासारखे येतात. असमा वळणं घेत, नीट येते. वीणा कोणाचं ऐकत नाही, आणि पडत पण नाही. विजया पडते, पण पडताना दुसऱ्यांना गुडघा कसा ठेवायचा ते सांगत असते.

मंगळवारी वारा सुटला. वरची खुर्ची बंद पडली, तिच्यात बसलेले मुस्तफा आणि असमा अधांतरी अडकले. खाली आत एवढी गर्दी की लोक माझ्या खुर्च्या मागायला लागले. एकीवर मी टोपी ठेवली, एकीवर हातमोजे, एकीवर तुझ्या मेतकुटाची बाटली, आणि मराठीत सांगितलं की माझी माणसं यायची आहेत. त्यांना समजलं. तू जशी आवाज न चढवता सांगायचीस, तसं सांगितलं.

विजया नि वीणा आल्या, रहिमा आली नाही. सकाळपासून पडून पडून ती रडकुंडीला आली होती. स्की काढून, स्की शिकवणाऱ्या शाळेच्या शेडमागे जाऊन बसली, आणि निरोप दिला की तुम्ही जेवून घ्या, उद्यापासून मी हॉटेलातच खिडकीशी बसेन. विजया उठत होती. मी तिला म्हटलं, बस, टेबल धर.

दारात उभा राहून मी हाक मारली. विहिरीवर मारायचो तशी. आली नाही. मग गेलो. शेडपर्यंत रस्ता केलेला नव्हता, मांडीएवढा बर्फ. पाय वाकत नाही, तर तो कंपासपेटीतल्या कंपाससारखा फिरवत टाकला, एक एक. शेजारी बसलो. तिला सांगितलं, की तुझ्यामुळे पाच माणसं उपाशी आहेत, आमच्या घरात असंच आहे, त्याला माझा इलाज नाही. तिने विचारलं, तुमचा पाय दुखतोय का. म्हटलं, खूप. मग ती उठली, आणि मला उठवलं. मला एकट्याला उठता आलं नसतं, हे तिला अजून माहीत नाही.

मुस्तफा नि असमा फार उशिरा आले. सूप थंडगार झालं होतं, कोणी चमचा बुडवला नव्हता. त्या बाईने सगळं परत गरम करून आणलं.

जेवण होईपर्यंत पाळणाही बंद. मग सहाही जण माझ्या रस्त्याने चालत उतरलो. नकाशा मी वाचलेला, म्हणून पुढे मी. रहिमाच्या स्की मुस्तफांच्या खांद्यावर. गुडघा सुजला, त्यावर विजयाने बाहेरचाच बर्फ लावला. रहिमा काल परत वर्गात गेली. हॉटेलच्या खिडकीशी कोणी बसलेलं नाही.

कंपनीला इथूनच पत्र टाकलं. शनिवारी, एक मार्चला ड्रॉइंग ऑफिसात हजर होतो. पडवीतले नारळ आहेत तिथेच असू देत. मेमध्ये चार दिवस पाहुणा म्हणून येईन, तेवढ्यापुरते बाजूला कर.

आता कारण. डोंगरावर इतकी पडून विजयाला काही झालं नाही. काल संध्याकाळी पाव आणायला गेली आणि दुकानाच्या दारात, सपाट रस्त्यावर घसरली. उजवं मनगट मुरगळलंय, मोडलेलं नाही. मी तिला बोटांचे व्यायाम करायला सांगतो, तर म्हणते, मी रजेवर आहे.

खालून सुपाचा वास येतोय, सगळे आपापल्या खोल्यांत आहेत. हाका मारायला जातो. लोभ तुझा आहेच, पण कार्डावर नको.

तुझा,
उदय

ता. क. विजयाचा सा. न.