साडूसाठी घेतलेली सायकल

६ एप्रिल, रविवार. दुपारी ४.
पाण्याच्या टाकीच्या चढावर आज साडूने मला मागे टाकलं. तेही मुलीच्या सायकलवरून. पुढे टोपली, टोपलीत कांदे. जाता जाता म्हणाला, साडूभाऊ, दमानं या, तुमचं पान झाकून ठेवतो. वर सासूबाईंच्या घरी पोचलो तर जेवणं सुरू झाली होती आणि साडू माझ्या धापांची नक्कल करून दाखवत होता. सासूबाईंना हसून हसून ठसका लागला.

सूड घेणार. याच महिन्यात, याच चढावर.

७ एप्रिल.
दोष सायकलचा आहे. एकवीस वर्षं वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासतोय, खोट कुठे असते ते मला बघताक्षणी कळतं. जुनी सायकल ऑफिसच्या काट्यावर ठेवली. चौदा किलो दोनशे ग्रॅम! शिपाई म्हणाला, साहेब, आता तुम्हीही उभे राहा. दुर्लक्ष केलं. विषय सायकलचा चालला होता.

तिच्या मागच्या मडगार्डवर आमच्या खात्याचं 'तपासले, बरोबर आहे' हे स्टिकर मीच कधीतरी हौसेनं चिकटवलं होतं. खात्याची बदनामी.

९ एप्रिल.
दुकानात कार्बनची रेसिंग सायकल पाहिली. सात किलोच्या आत. एका बोटाने उचलली. (दोन.)

फायदे:
१. वजन निम्मं, म्हणजे वेग दुप्पट.
२. वाकून बसायचं, त्यामुळे वारा आडवा येत नाही.
३. साडूचं तोंड.

तोटे:
१. किंमत. आकडा लिहीत नाही. ही वही हिच्या हाती लागू शकते.
२. सीट सुरीच्या पात्याएवढी. पण फायदा क्रमांक तीन आठवला की टोचणार नाही.

दुकानातला मेकॅनिक म्हणाला, आधी तीन महिने जुनीवरच सराव करा, मग बघू. याला धंदा कळत नाही.

११ एप्रिल.
गोची. मेहुणीचा हिला फोन आला. मुलीने आपली सायकल परत मागितली, साडू आता पायी. म्हणजे मी सूड कोणावर घेऊ? ताबडतोब साडूला त्याच सायकलच्या दुकानाचा पत्ता पाठवला. तिथे जुन्या सायकली मिळतात, कुठलीही उचला, पण सत्तावीसला सासूबाईंकडे जेवायला जाताना चढावर या, असं कळवलं. शत्रूच्या हातात काहीतरी हवंच. साडूने उलट आभार मानले. भोळा आहे.

१२ एप्रिल.
घेतली! ही म्हणाली, अहो, जुनीला काय धाड भरली होती? तब्येतीसाठी, म्हटलं. जुनी दुकानातच देऊन टाकली. मेकॅनिक म्हणाला, हिला फक्त तेल आणि हवा हवी होती. संध्याकाळी त्याचा फोन, जुनीला गिऱ्हाईक मिळालं. त्या बापड्याची कीव आली.

१३ एप्रिल, रविवार.
या सायकलला बूट पेडलमध्ये अडकवावे लागतात. सिग्नलला थांबलो, बूट सुटेना, सावकाश आडवा झालो. शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर रस्ता ओलांडत होते. म्हणाले, थांबताना पाय टेकवायचा असतो. त्यांचंही नाव लिहून ठेवलंय. साडूनंतर ते.

१९ एप्रिल.
रोज पहाटे पाचला सराव ठरवला होता. सहा दिवस झाले, अजून एकदाही जमलं नाही. पण अर्धवट झोपेत व्यायाम स्नायूंना घातक असतो. शिवाय सगळी ताकद सत्तावीससाठी राखून ठेवायची आहे.

२४ एप्रिल.
सायकल आणखी हलकी केली. पाण्याची बाटली काढली, घंटा काढली. ऑफिसच्या काट्यावर तीनशे दहा ग्रॅमची बचत! त्या आनंदात कँटीनमध्ये दोनदा जेवलो.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ८.
निघतोय. आज साडूचं नाक कापून सासूबाईंच्या टेबलावर ठेवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
चढाच्या पायथ्याशी साडू दिसला नाही. वाटलं, घाबरला. पहिल्या वळणापर्यंत मी राजा होतो. दुसऱ्या वळणावर डोळ्यांपुढे काजवे चमकले, बूट काही सुटेना, म्हणून नुसता पाय मारत राहिलो. तेवढ्यात मागून घंटा. ओळखीची. साडू शेजारी आला, मला पाणी हवंय का विचारलं, आणि शीळ घालत पुढे गेला. त्याच्या मागच्या मडगार्डवर लिहिलेलं मला वळणापर्यंत स्वच्छ वाचता येत होतं. तपासले, बरोबर आहे.

वर पोचलो तर आज नक्कल नव्हती. साडू सगळ्यांना सांगत होता, दुकान साडूभाऊंनीच सुचवलं, सायकलही त्यांच्याच हातची निघाली, एवढा मोठ्या मनाचा माणूस बघितला नाही. सासूबाईंनी माझं पान झाकून ठेवलं होतं. नक्कल परवडली असती.

तोट्यांच्या यादीत एक राहिला होता. लिहून ठेवतो.
३. ती मलाच चालवावी लागते.